पुन्हा विद्यार्थिनी

मुलींनी शिकून फार तर शिक्षिका व्हावे, याहून निराळे काही त्यांना करता येईल असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील मध्यमवर्गीय घरांत सहसा कोणाच्या मनात येत नसे. मारिया मॉन्टेसरी हिच्यापुढेही घरच्यांनी हाच मार्ग ठेवला होता आणि तिने तो तत्काळ नाकारला, असे तिचे चरित्रकार सांगतात. दुसरे काहीही होईन, पण शिक्षिका होणार नाही, असा त्या मुलीचा हट्ट होता. प्रथम तिला इंजिनिअर व्हावेसे वाटले. त्यासाठी तेराव्या वर्षी ती तंत्रशाळेत जाऊ लागली. पुढे जीवशास्त्राची ओढ अधिक वाटू लागली आणि तिने वैद्यक शिकण्याचे ठरवले.

१८९० साली तिने रोमच्या विद्यापीठात नाव घातले. वडील सरकारी नोकरीतले, जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांना हे रुचले नाही. आई मात्र खंबीरपणे पाठीशी उभी राहिली. विद्यापीठातही वाट सुखाची नव्हती. पुरुष विद्यार्थ्यांच्या देखत एका स्त्रीने मृतदेहाचे विच्छेदन करावे, हे त्या काळच्या शिष्टाचारात बसत नव्हते. म्हणून इतरांचे काम आटोपल्यावर, सायंकाळी, त्या उग्र वासाच्या दालनात एकटीने उभे राहून मारियाला आपला अभ्यास पुरा करावा लागे. १८९६ साली तिला वैद्यकाची पदवी मिळाली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, आणि साऱ्या इटलीत स्त्री डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या महिला परिषदेत ती इटलीची प्रतिनिधी म्हणून गेली. कामकरी स्त्रीस पुरुषाइतकेच वेतन मिळाले पाहिजे, अशी मागणी तिने तेथे केली. वर्तमानपत्रांनी या तरुण डॉक्टरणीचे मनापासून कौतुक केले.

नाव झाले होते, व्यवसाय हाती आला होता. येथून पुढे त्यांना ‘मॉन्टेसरीबाई’ म्हणणेच उचित. परंतु त्यांचे खरे विद्यार्थिजीवन यानंतरच सुरू व्हावयाचे होते.

विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयात त्या काम करू लागल्या. रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जाऊन चिकित्सालयाच्या अभ्यासासाठी रुग्ण निवडणे, हा त्या कामाचा एक भाग होता. तेथे प्रौढ रुग्णांबरोबर लहान मुलेही कोंडलेली असत. ज्यांना आज आपण विशेष मुले म्हणतो, त्यांना त्या काळी जी नावे होती ती आता उच्चारावीशी वाटत नाहीत. ज्याची बुद्धी वयाप्रमाणे वाढली नाही त्या मुलाची रवानगी वेड्यांत करावयाची, म्हणजे घरचे आणि सरकार दोघेही मोकळे, अशी सरळ व्यवस्था होती. एका दालनात अशी बरीच मुले ठेवली होती. त्यांची देखरेख करणारी बाई त्यांचा तिटकारा लपवीतसुद्धा नव्हती. ‘कसली ही मुले! जेवण संपले की जमिनीवर पडून पावाचे कण वेचीत बसतात,’ अशा अर्थाचे ती बोलली. मॉन्टेसरीबाईंनी त्या दालनाकडे नीट पाहिले. चार उघड्या भिंती आणि फरशी. खेळणे नाही, चिंधी नाही, काडी नाही. हातात धरता येईल अशी पावाच्या कणांखेरीज एकही वस्तू तेथे नव्हती. मुले ते कण खाण्याकरिताच वेचीत होती असेही नाही. ती ते चिमटीत धरीत, चुरडीत, पुन्हा गोळा करीत. पोट भरलेल्या मुलांचे हात उपाशी होते.

हा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून पुनःपुन्हा सांगितला जातो, आणि सांगता सांगता त्याला थोडी झळाळी चढली असणेही शक्य आहे. परंतु त्यानंतर त्यांच्या वाचनाची दिशा पालटली, यात संशय नाही. वैद्यकाच्या ग्रंथांत या मुलांच्या कवटीची मापे सापडत होती, त्यांच्या हातांत काय द्यावे हे सापडत नव्हते. त्या जुनी पुस्तके धुंडू लागल्या, आणि दोन फ्रेंच डॉक्टरांचे लेखन त्यांना भेटले.

पहिले झां इतार. १८०० साली दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांताच्या रानात एकटाच भटकणारा, बोलता न येणारा, अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. त्याला पॅरिसला मूकबधिरांच्या संस्थेत आणण्यात आले. मोठमोठ्या विद्वानांनी तपासून निर्वाळा दिला की, हा शिकणे शक्य नाही. पंचविशीतल्या इतारांनी तो निर्वाळा मानला नाही. मुलाचे नाव त्यांनी व्हिक्टर ठेवले आणि काही वर्षे त्याच्यासाठी वेचली. प्रथम त्याची ज्ञानेंद्रिये जागी करावयाची आणि मग शब्दांकडे वळावयाचे, असा त्यांचा क्रम होता. ऊन-थंड, गुळगुळीत-खरखरीत हे भेद आधी त्वचेला कळले पाहिजेत, असे ते मानीत. दूध या अर्थाचा फ्रेंच शब्द चार अक्षरांचा आहे. ती चार सुटी अक्षरे ओळीने मांडली की दूध मिळते, एवढे व्हिक्टरला पुष्कळ खटपटीने कळले. त्यानंतर आठवड्याभराने एका सायंकाळी तो रोजच्याप्रमाणे दूध प्यावयास एका परिचिताच्या घरी निघाला. निघताना कोणी न सांगता त्याने ती चार अक्षरे खिशात टाकली, आणि तेथे पोहोचताच मेजावर नीट मांडून ठेवली. व्हिक्टर पुढे बोलू शकला नाहीच. इतारांना आपला प्रयत्न फसला असे वाटले व त्यांनी तो सोडून दिला. परंतु त्यांनी दोन अहवाल लिहून ठेवले होते, आणि त्यांत ती चार अक्षरे होती.

दुसरे एदुआर सेगँ. हे इतारांचे शिष्य. गुरूंनी एका मुलावर जे केले ते त्यांनी अनेक मुलांवर, अधिक पद्धतशीरपणे केले. पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील इस्पितळात त्यांनी अशा मुलांना शिकवले, आणि १८४६ साली आपल्या पद्धतीचा सविस्तर ग्रंथ लिहिला. पुढे ते अमेरिकेस गेले. वीस वर्षांनी, १८६६ साली, त्यांनी न्यू यॉर्कमध्ये त्याच विषयावर इंग्रजीत दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा दुसरा ग्रंथ मॉन्टेसरीबाईंना कोठेही मिळेना. त्या पॅरिसला गेल्या, लंडनला गेल्या. अशा मुलांच्या शाळा चालवणाऱ्या किंवा त्यांच्याविषयी आस्था असणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची घरे त्यांनी एकामागून एक पालथी घातली. इंग्रजीत छापलेले पुस्तक इंग्लंडात कोणी पाहिलेले नव्हते. बिसेत्रमध्ये तर याहून चमत्कारिक प्रकार दिसला. सेगँनी तयार केलेली साधने तेथे वापरात होती, त्यांचा फ्रेंच ग्रंथही शिक्षकांच्या हातांत होता, पण शिकवणे मात्र जुन्या साच्यातलेच चालले होते. पुस्तक हाती असणे आणि ते वाचलेले असणे यांत किती अंतर पडू शकते, याचा हा नमुना त्यांनी पुढे आपल्या लेखनात नमूद करून ठेवला आहे.

१८९८ साली तुरीन येथे शिक्षकांची मोठी परिषद भरली. मॉन्टेसरीबाई तेथे बोलावयास उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलांचा प्रश्न मुख्यतः वैद्यकाचा नसून शिक्षणाचा आहे. हे एखाद्या शिक्षकाने म्हटले असते तर कोणी फारसे लक्ष दिले नसते. एका डॉक्टरने आपला अधिकार आपण होऊन शिक्षकाच्या हाती द्यावा, याचे श्रोत्यांना नवल वाटले. त्यावेळचे शिक्षणमंत्री बाचेल्ली हे विद्यापीठात त्यांचे गुरू होते. त्यांनी बाईंना रोममधील शिक्षिकांपुढे याच विषयावर व्याख्याने देण्यास सांगितले. त्या व्याख्यानांतूनच १९०० साली विशेष मुलांच्या शिक्षकांसाठी एक अध्यापनशाळा उभी राहिली. डॉ. मोंतेसानो यांच्यासह तिचे संचालकपद मॉन्टेसरीबाईंकडे आले.

पहिल्या वर्गात ६४ शिक्षकांनी नावे घातली. मज्जासंस्थेची रचना व कार्य, मानसशास्त्र, शरीराची मापे घेण्याचे शास्त्र, बुद्धीच्या मंदत्वाची कारणे व लक्षणे, आणि अशा मुलांना शिकवण्याच्या विशेष रीती, असे विषय त्यांना होते. आज आपल्याकडे विशेष शिक्षण या विषयात बी.एड. आणि एम.एड. या पदव्या घेता येतात. १९९२ च्या कायद्यान्वये अशा शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे आपली नोंदही करावी लागते. या पदव्यांचा अभ्यासक्रम कोणी त्या जुन्या यादीशेजारी ठेवून पाहिला तर पुष्कळ ओळखीचे चेहरे दिसतील. शिवाय त्या अध्यापनशाळेला जोडून मुलांचा एक वर्ग होता, आणि पाठ द्यावयाचा तो या मुलांपुढेच. रोमच्या शाळांनी ‘हे आमच्या आवाक्याबाहेरचे’ म्हणून सोडून दिलेली मुले तेथे घेतली होती. पुढे वेड्यांच्या इस्पितळातील मुलेही त्यांत आणण्यात आली. म्हणजे पावाचे कण वेचणाऱ्या मुलांना अखेर हातात धरावयास काही मिळाले.

संचालकपद म्हणजे कचेरीत बसून सह्या करणे, असा अर्थ बाईंनी कधीच घेतला नाही. सकाळी आठ वाजल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत त्या मुलांत असत. कधी स्वतः शिकवीत, कधी दुसरे शिकवीत असताना पाहत. रात्री दिवसाची टिपणे लिहीत, आणि दुसऱ्या दिवशी लागणारी साधने जुळवीत. स्वर लाल आणि व्यंजने निळी अशी लाकडाची वळणदार अक्षरे त्यांनी करवून घेतली होती. अक्षर लिहिताना हात जसा फिरतो तसे मुलाचे बोट त्यावरून पुनःपुन्हा फिरवावयाचे. डोळ्यांना जे अक्षर लक्षात ठेवता येत नव्हते ते बोटांना राहू लागले.

सेगँपासून घेतलेली पाठाची एक रीत त्या शिक्षकांकडून फार कसोशीने गिरवून घेत. ती ऐकावयास अगदी क्षुल्लक वाटते. समजा, मुलाला लाल आणि निळा हे दोन रंग शिकवावयाचे आहेत. शिक्षकाने प्रथम एक रंग दाखवून म्हणावे, ‘हा लाल.’ मग दुसरा दाखवून, ‘हा निळा.’ याहून एकही शब्द अधिक बोलावयाचा नाही. लाल फुलाविषयी नाही, निळ्या आकाशाविषयी नाही. मग थोडे थांबून म्हणावे, ‘मला लाल दे. आता निळा दे.’ मुलाने बरोबर दिले तरच तिसरी पायरी येते. रंग पुढे धरून ‘हा कोणता?’ असे विचारावयाचे. आणि चुकले तर? चुकले तर मुलाला चुकलास म्हणावयाचे नाही, पुन्हा सांगत बसावयाचे नाही, चेहऱ्यावर नाराजी येऊ द्यावयाची नाही. पाठ तेथेच हसतमुखाने आवरता घ्यावयाचा आणि दुसऱ्या कोणत्या तरी दिवशी पुन्हा आरंभ करावयाचा. शब्द आणि वस्तू यांची गाठ त्या दिवशी बसली नाही, एवढाच त्या चुकीचा अर्थ. वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभे राहून बोलण्याची सवय झालेल्या शिक्षकांना हा दोन शब्दांचा पाठ देणे किती जड गेले असेल, याची कल्पना ज्यांनी कधी शिकवले आहे त्यांना सहज येईल.

सेगँची आणखी एक अट होती. ती वाचून प्रथम हसू येते. अशा मुलांच्या शिक्षकाने दिसावयास प्रसन्न असावे, पोशाखात टापटीप ठेवावी, आणि नटाने रंगभूमीसाठी कमवावा तसा आपला आवाज कमवावा, असे त्यांचे मत होते. मॉन्टेसरीबाईंनी प्रत्यक्ष काम केल्यावर हे हसण्यावारी नेले नाही. ज्या मुलाचे मन कशाकडेच वळत नाही, त्याला बोलावून आणावयाचे साधन म्हणजे शिक्षकाचा आवाज. नुसती लाकडी साधने पुढे मांडली तर ती तशीच पडून राहत. शिक्षकाने त्यांत आपला जीव ओतला तरच मुले त्यांना हात लावीत. दिवसअखेर येणारा थकवाही निराळा असे. आपल्या आतली काही शक्ती निघून दुसऱ्यात गेली आहे असे त्यांना वाटे. ते बळ कोठून आणावयाचे, हे कोणत्याच अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते.

त्या वर्गात अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातांत चांगली ताकद होती, तरीही तिला शिवणे काही केल्या येईना. शिवणाची पहिली पायरी म्हणून रफू शिकवीत. उभ्या धाग्यांतून सुई एकदा वरून, एकदा खालून न्यावयाची, एवढेच तिला जमत नव्हते. आपल्या नेहमीच्या शाळांत अशा वेळी काय होते? सुई आणखी शंभर वेळा हातात दिली जाते, आवाज चढतो, आणि शेवटी मूल ‘ढ’ ठरते. मॉन्टेसरीबाईंनी सुई काढूनच घेतली. तिच्याऐवजी त्यांनी मुलीला फ्रोबेलच्या बालोद्यानातली कागदी चटई विणावयास दिली. उभ्या पट्ट्या दोन्ही टोकांना पक्क्या असतात, आणि आडवी पट्टी त्यांच्या वरून-खालून ओवावयाची असते. काम तेच, पण मोठ्या आकाराचे आणि टोचणाऱ्या सुईवाचून. मुलीला ते आवडले. ती त्यात तरबेज झाली. मग पुन्हा रफूचे कापड हाती दिले, तेव्हा ती आपोआप रफू करू लागली. तेव्हापासून त्या वर्गात शिवणापूर्वी विणणे आले. जे काम करावयाचे त्याच्या पोटात दडलेली हालचाल आधी निराळी काढावी, ती हाताला शिकवावी, आणि मग मूळ काम पुढे ठेवावे, हे तत्त्व बाईंना त्या मुलीने शिकवले. त्या मुलीचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही.

मुले वाचू लागली, लिहू लागली. त्यांतल्या काहींना बाईंनी सरकारी शाळेत, सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने परीक्षेस बसवले, आणि ती उत्तीर्ण झाली. रोममध्ये या गोष्टीचा मोठा गवगवा झाला. जो तो चमत्कार म्हणू लागला. बाईंचे मन मात्र दुसरीकडेच गुंतले होते. या मुलांच्या यशाने त्या जितक्या आनंदल्या, त्याहून अधिक त्यांना धडधाकट मुलांची चिंता वाटू लागली. माझी ही दुबळी मुले ज्यांच्या बरोबरीस येऊन बसली, त्या निरोगी मुलांना शाळेने कोठे अडवून ठेवले आहे, असा त्यांचा प्रश्न होता. अभिनंदन करावयास आलेल्यांना तो बहुधा गैरसोयीचा वाटला असावा.

या वर्षांतील एक गोष्ट त्यांनी दीर्घकाळ जगापासून झाकून ठेवली होती. १८९८ च्या मार्च महिन्यात त्यांना मुलगा झाला होता. मुलाचे वडील म्हणजे अध्यापनशाळेचे दुसरे संचालक डॉ. मोंतेसानो. दोघांचा विवाह झाला नाही. चरित्रकारांनी याची कारणे निरनिराळी दिली आहेत. विवाहित स्त्रीने आपला व्यवसाय सोडून घर धरावे, ही त्या समाजाची रीत होती, आणि अविवाहित मातेला तर तेथे जागाच नव्हती. मूल रोमबाहेर एका कुटुंबात वाढावयास ठेवले गेले. आई अधूनमधून जाऊन त्याला पाहून येई. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत ज्यांना कोणी नाही अशा मुलांत त्या होत्या, त्याच काळात त्यांचा मारिओ दुसऱ्याच्या अंगणात चालावयास शिकत होता. याविषयी निवाडा देण्याची घाई वाचकाने करू नये.

१९०१ साली, यश शिखरावर असताना, मॉन्टेसरीबाईंनी अध्यापनशाळा सोडली. आपला वैद्यकीचा व्यवसायही त्यांनी सोडला, आणि त्या पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून गेल्या. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. या वेळी विषय तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र हे होते. ज्या विद्यापीठातून वैद्यक घेऊन त्या बाहेर पडल्या होत्या, तेथेच पुन्हा बाकावर बसावयाचे आणि आपल्याहून लहान मुलामुलींबरोबर टिपणे घ्यावयाची! लोकांना हे कोडे वाटले असल्यास नवल नाही. त्या प्राथमिक शाळांतही जात, मागे बसून मुले आणि शिक्षक यांना पाहत. बाकांना जखडून बसलेली ती मुले पाहून त्यांना टाचण्यांनी खिळवून ठेवलेल्या फुलपाखरांची आठवण होई.

याच काळात त्यांनी असे एक काम हाती घेतले की ज्याला कोणी गुण देणार नव्हते. इतार आणि सेगँ यांचे ग्रंथ त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत इटालियनमध्ये उतरवले, आणि तेही स्वतःच्या हस्ताक्षरात. छपाईपूर्वीच्या काळी मठांतील साधू पोथ्या लिहीत, तसे. एकट्या सेगँचा फ्रेंच ग्रंथच सुमारे सहाशे पानांचा होता. उतारे काढून काम भागले असते, एखादा लेखनिक ठेवता आला असता. परंतु हात सावकाश चालतो, म्हणून प्रत्येक शब्दाचे वजन करावयास वेळ मिळतो, हेच त्यांना हवे होते. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ज्यांनी नकलून ठेवल्या त्यांना हे समजावून सांगावे लागले नसते. सेगँचे शेवटचे पान उतरवून होते न होते तोच न्यू यॉर्कहून एक पुडके आले. ज्या इंग्रजी ग्रंथासाठी त्यांनी इंग्लंडातील घरे पालथी घातली होती, तोच तो १८६६ चा ग्रंथ. तेथील एका डॉक्टरच्या संग्रहातून टाकाऊ म्हणून बाहेर काढलेल्या पुस्तकांत तो कोणाला तरी सापडला होता. एका इंग्रज बाईंच्या मदतीने मॉन्टेसरीबाईंनी तोही भाषांतरित केला.

तत्त्वज्ञानाची पदवी त्यांनी कधीच पुरी केली नाही. अभ्यास केला, व्याख्याने ऐकली, परंतु पदवी पदरात पडली नाही. १९०४ पासून मात्र त्याच विद्यापीठाच्या अध्यापनविभागात त्या मानवशास्त्रावर व्याख्याने देऊ लागल्या. पुढे आपल्या ग्रंथात या साऱ्या वर्षांचा हिशेब मांडताना त्यांनी वैद्यकाच्या पदवीला किंवा या अपुऱ्या पदवीला फारसे महत्त्व दिलेले नाही. विशेष मुलांमध्ये घालवलेली ती दोन वर्षे हीच आपली शिक्षणशास्त्रातील पहिली आणि खरी पदवी, असे त्या मानीत.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंत्सो या गरीब वस्तीत मजुरांच्या मुलांसाठी त्यांचे पहिले ‘बालगृह’ उघडले. पुढची हकिकत जगाला ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र पुष्कळदा नजरेतून सुटते. तेथील मुलांपुढे जी साधने मांडली गेली, त्यांतली बरीचशी मुळात अध्यापनशाळेच्या त्या वर्गासाठी तयार झालेली होती. तेथली महागडी लाकडी अक्षरे येथे पुन्हा करवून घेता आली नाहीत, म्हणून बाईंनी कागदाची अक्षरे कापली आणि खरखरीत काचकागदाची अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवली. आज आपल्या बालवाडीत एखादे चार वर्षांचे मूल खरखरीत ‘ग’वरून बोट फिरवीत असेल, तर त्या बोटाचा माग काढीत गेले असता तो रोममधल्या त्या मुलांपर्यंत आणि तेथून व्हिक्टरच्या खिशातल्या चार अक्षरांपर्यंत पोहोचतो.

हा माग आपल्या देशात आला तो बाईंच्याही आधी. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात ही पद्धती आपलीशी केली होती. पुढे ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. तेथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी विलायती साधनांच्या जागी शिंपले, खडे, पाने, बिया घेतल्या. सुई जमत नाही तर चटई द्यावी, त्याच जातीचा हा विचार होता.

स्वतः मॉन्टेसरीबाई १९३९ च्या नोव्हेंबरात मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. त्या वेळी त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या, आणि मारिओ त्यांच्याबरोबर होते. मायलेकरांची गाठ पुन्हा पडली तेव्हा मारिओ पंधराच्या आसपासचे होते, आणि तेव्हापासून आईच्या कामाची निम्मी धुरा त्यांनी उचलली होती. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली. इटालियन नागरिक म्हणून इंग्रज सरकारने मारिओंना पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवले. ३१ ऑगस्टला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने त्यांची सुटका करून आईकडे पाठवले. त्या तारेत ‘तुमचा मुलगा’ असा उल्लेख होता. तोवर लोकांपुढे त्यांची ओळख भाचा किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जात असे.

अड्यारच्या पहिल्याच वर्गाला तीनशेहून अधिक शिक्षक देशाच्या निरनिराळ्या भागांतून आले होते. बाई इटालियनमध्ये बोलत, आणि मारिओ ते इंग्रजीत सांगत. त्या परंपरेत शिक्षक घडवण्याची एक रीत आजही चालू आहे. प्रत्येक साधनासाठी वही घालावयाची असते. साधनाचे चित्र काढावयाचे, ते मुलापुढे कसे मांडावे ते पायरीपायरीने लिहावयाचे, आणि तपासून घ्यावयाचे. छापील पुस्तके आता सहज मिळतात. तरीही या वह्या शिकणाऱ्यानेच तयार करावयाच्या असतात.